पायी चालणाऱ्यांची पेठ

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "आपल्या गावाच्या इतिहासावर काहीतरी लिहा" असे संपादक भगिनींनी सांगितले, तेव्हा प्रथम डोळ्यांपुढे उभा राहिला तो आपला सिंधुदुर्ग किल्ला. मालवणचा इतिहास म्हटला की किल्ला आलाच. परंतु किल्ल्यावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहिले आहे व पुढेही लिहितील. ज्या रस्त्याने आपण रोज मीठ-मिरची आणायला जातो, ज्या रस्त्याने आपली आजी, आई, सासू चालत गेली, त्या बाजारपेठेच्या रस्त्याचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. तो लिहावा असे मनात आले. त्याला एक घरगुती कारणही घडले. ते ओघाने पुढे येईलच.

शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून सिंधुदुर्गाचा पाया घातला व सुमारे तीन वर्षांत, 1667 साली, किल्ला पुरा झाला. कुरटे बेटावर जवळजवळ 48 एकरांत पसरलेले एवढे मोठे काम चालू असता किनाऱ्यावर पाथरवट, लोहार, सुतार, तांडेल, खलाशी यांची केवढी वर्दळ असेल! इतक्या माणसांना तांदूळ, मीठ, तेल, दोर, कापड सगळे हवे. किल्ला पाण्यात आणि त्याचा संसार किनाऱ्यावर, अशी ही जोडी. बंदर आणि बाजार यांचे नाते आपल्याकडे असे मुळापासूनचे आहे. पुढे 1765 साली इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याचे नावही बदलले, आणि वर्षभरात तो परत केला. 1812 च्या करवीरच्या तहाने मालवण कायमचे कंपनी सरकारच्या हाती गेले. त्याच वर्षी सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लेही त्यांनी घेतले. राज्ये बदलली, निशाणे बदलली. पण पेठेतली चाल बदलली नाही. ती होती पायी माणसाची चाल.

जुन्या मालवणची रचना नीट पाहिली तर हे ध्यानात येते. बंदर, पेठ, देऊळवाडा, भरड, मेढा, धुरीवाडा ही ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या टप्प्यात आहेत. वाड्यावाड्यांतून निघालेल्या पाणंदी, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वरून माडांची सावली, मध्ये एखादा व्हाळ आणि त्यावर साकव. अशा सगळ्या वाटा अखेर पेठेला मिळत. पेठेतला रस्ता अरुंद, कारण तो माणसांच्या मापाने घातलेला. समोरासमोरच्या दुकानदारांना बसल्या जागेवरून एकमेकांशी बोलता यावे एवढीच त्याची रुंदी. दुकानापुढे पडवी, पडवीवर उतरते कौलारू छप्पर. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या पावसात गिऱ्हाईक या पडवीतून त्या पडवीत, डोके भिजू न देता, अर्धा बाजार उरकू शके. ही रचना कोणा इंजिनियराने कागदावर काढली नव्हती. पाऊस, ऊन आणि माणसाचे पाय यांनीच ती घडवली होती.

या पेठेला जिवंत ठेवले ते बायकांनी, असे म्हटले तर ती बढाई होऊ नये. पहाटे दांडी, धुरीवाड्याकडून मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन आमच्या कोळणी-गाबितणी भगिनी निघत. कुंभारमाठ, चौके, कट्टा या बाजूंनी शेतकरणी येत. कोणाच्या हाऱ्यात लाल भाजीच्या जुड्या, कोणाकडे पडवळ, तवशी, अळवाची पाने, कोणाकडे कुळीथ, सोले. आणि मोसमात सुरंगीचे वळेसर. चुंबळ डोक्यावर, ओझे चुंबळीवर, आणि पायात बहुधा काही नाही. विकून झाले की त्याच हाऱ्यातून मीठ, गूळ, चहापूड घेऊन परत. वाटेत बोलणे होई, लग्ने जुळत, आजाऱ्यांची विचारपूस होई. बायकांना घराबाहेर पडण्याला ज्या काळी फारशी निमित्ते नव्हती, त्या काळी बाजाराची वाट हेच आमचे सभागृह होते. आपल्या मंडळासारखी मंडळे गावोगाव निघाली, ती अशा वाटांवर झालेल्या ओळखींतूनच.

त्या काळी मुंबईहून येणारा चाकरमानी आगबोटीने येई. मालवण, देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ले या बंदरांवर आगबोट खोल पाण्यात उभी राही व उतारू होडीतून किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात हा मार्ग बंद. बोट आली की बंदरापासून पेठेपर्यंत माणसांची रांग लागे: ट्रंका, वळकट्या, मुले, आणि घ्यायला आलेली घरची माणसे. उतारू पेठेतूनच चालत जाई. घरी पोचण्याआधी खाजाची पुडी घेतली जाई, दुकानदाराशी दोन शब्द होत. प्रवासी पेठेत पायी उतरतो तेव्हाच पेठेचा धंदा होतो, हा अर्थशास्त्राचा धडा आपल्या वाडवडिलांना पुस्तकावाचून ठाऊक होता.

शेजारच्या वेंगुर्ल्याची कथा या बाबतीत बोधप्रद आहे. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली होती. पुढे बेळगावकडून घाट उतरून येणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात येई आणि पेठ गजबजलेली असे. 1888 च्या सुमारास मुरगाव बंदरापर्यंत आगगाडी पोचली आणि घाटावरचा व्यापार तिकडे वळला. वेंगुर्ल्याची माणसे तीच, दुकाने तीच, समुद्र तोच. पण वाट वळली आणि बाजार थंडावला. पेठ म्हणजे नुसत्या इमारती नव्हेत. माणसे जिथून जातात आणि जिथे थांबतात ती पेठ. यातले 'थांबतात' हे दुसरे क्रियापद आपण अलीकडे विसरत चाललो आहोत.

कारण पुढे काळ बदलला. रस्ते झाले, मोटारी आल्या, आगबोटी बंद पडल्या. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. 1997 साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि ऑक्टोबर 2021 मध्ये चिपीला विमानतळ झाला. या सगळ्यांचे आपण स्वागतच केले व करावे. ज्या मुलीला बाळंतपणासाठी खाटेवरून न्यावे लागे तिला आता गाडी मिळते, हे लहान सुख नव्हे. जुने ते सगळे सोने असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. अनवाणी पायांनी डोक्यावर दोन मण ओझे वाहणाऱ्या बाईला कोणी विचारले असते, तर तिने मोटारीलाच कौल दिला असता.

पण एक गोष्ट आपल्या नकळत घडली. 2011 च्या शिरगणतीत मालवण शहराची वस्ती साडेअठरा हजारांच्या आसपास होती. म्हणजे गाव फार वाढले नाही. वाढल्या त्या गाड्या. घरच्या दुचाक्या, रिक्षा, मालाचे टेंपो आणि सुट्टीच्या दिवसांत बाहेरगावच्या मोटारी, ही सारी वाहने माणसांच्या मापाने घातलेल्या त्याच रस्त्यात शिरली. रस्ता ताणून रुंद होत नाही. मग जागा कोणी सोडायची? जो सर्वांत दुबळा त्याने. प्रथम मुले निघाली, मग म्हातारी माणसे, मग पाटी घेऊन कडेला बसणारी बाई.

आता ते घरगुती कारण सांगते. माझ्या सासूबाई वयाच्या पंच्याहत्तरीपर्यंत रोज बाजारात जात. मासळी स्वतः पाहून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात पेठेत एका गाडीचा आरसा त्यांच्या कोपराला लागला. गाडीवाला कोण होता ते कळलेही नाही. हाड मोडले नाही, चार दिवस सूज राहिली, एवढेच. पण त्या दिवसापासून त्यांनी बाजार सोडला. मी म्हटले, "आई, मी येते ना बरोबर, चला." तर म्हणाल्या, "बाजार आसा थंयच आसा गो, पण वाट माझी ऱ्हवली नाय." आता मासळी दारावर येते, त्या पडवीत बसून घेतात. पण ज्या मैत्रिणी त्यांना फक्त पेठेतच भेटत, त्यांची भेट नाही. वर्षभरात त्यांचे चालणे कमी झाले, गुडघे धरले, बोलणेही कमी झाले. डॉक्टर म्हणतात, चाला. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रम शरीराला हवेत. बाजाराच्या फेरीत ती मिनिटे न मोजता भरत होती. त्यांची वाट गेली आणि औषधाची बाटली आली. हिशेब मांडला तर हा खर्च कोणत्या खाती घालायचा?

आपल्याकडे नुसता कोपर सुजला. पुष्कळांचे तेवढ्यावर भागत नाही. 2022 या एका वर्षात देशातील रस्त्यांवरच्या अपघातांत 1,68,491 माणसे दगावली, त्यांपैकी 32,825 पायी चालणारी होती. गाडीत न बसताही गाडीने मेलेली ही माणसे.

मग उपाय काय? उपाय नवा नाही. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे 17 नोव्हेंबर 1962 रोजी स्त्रोयेट नावाचा भर बाजारातला रस्ता मोटारींना बंद करून पायी माणसांसाठी मोकळा करण्यात आला. व्यापारी संतापले. 'आमचा धंदा बुडेल, आम्ही काही इटालियन नव्हे रस्त्यावर हिंडत बसायला,' असा तेथील सूर होता. परंतु माणसे आली, थांबली, बसली. धंदा बुडाला नाहीच, उलट पुढे शेजारचे रस्तेही मोकळे झाले. कोणी म्हणेल, ते युरोप, आपले काय? तर आपल्याच किनाऱ्यावर खाली केरळात कोळिकोड येथे हलव्यासाठी प्रसिद्ध असलेली मिठाई तेरुवू नावाची जुनी पेठ आहे. मल्याळी लेखक एस. के. पोट्टेक्काट यांची 'ओरु तेरुविंटे कथा' ही 1960 मधील कादंबरी या रस्त्याचीच, आणि रस्त्याच्या तोंडाशी त्यांचा पुतळा आहे. डिसेंबर 2017 मध्ये ही पेठ दुरुस्त करून दिवसाच्या वेळी वाहनांना बंद केली. तिथेही दुकानदारांनी विरोध केला होता. तोच समुद्र, तोच पाऊस, तशाच कौलांची गल्ली. पुण्यात 11 डिसेंबर 2021 रोजी महापालिकेने पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर फक्त चालणाऱ्यांना दिला.

महाराष्ट्रातले सर्वांत जुने उदाहरण माथेरानचे. ह्यू मॅलेट या साहेबाने 1850 साली ते ठिकाण प्रकाशात आणले, 1907 साली तिथे छोटी आगगाडी गेली, पण मोटारींना गावात प्रवेश नाही. त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. म्हणून तिथली हवा आणि शांतता टिकली. पण त्या शांततेचे मोल कोणी दिले तेही पाहिले पाहिजे. तिथे माणसांनी माणसांना बसवून हातरिक्षा ओढल्या. अखेर ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला. यावरून बोध घ्यावा तो असा की, रस्ता गाड्यांतून सोडवताना गाडीचे ओझे गरिबाच्या खांद्यावर टाकू नये. थकलेल्या, अपंग माणसासाठी विजेवर चालणारे हळू वाहन हवे, रुग्णवाहिकेला व आगीच्या बंबाला वाट हवी, दुकानदाराचा माल सकाळी ठराविक वेळी उतरायला हवा. पेठेत राहणाऱ्यांची सोय हवी. एवढे केले तर कोणाचे अडत नाही.

कायदाही आता चालणाऱ्याच्या बाजूने बोलू लागला आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अडथळ्यावाचून पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. रस्त्यांचे मानदंड ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था पदपथावर निदान 1.8 मीटर मोकळी जागा हवी म्हणते, बाजारात त्याहून अधिक. आपल्या पेठेत दोन्ही बाजूंना एवढा पदपथ काढला तर मध्ये रस्ता उरणार नाही हे खरे. म्हणूनच जागेची वाटणी होत नसेल तर वेळेची वाटणी करावी. अमुक वेळ गाड्यांची, अमुक वेळ पायांची. मासळी-भाजी विकणाऱ्या भगिनींसाठी 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्या कायद्यानुसार होणाऱ्या शहर समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. पण पाटीवाल्या बाईला हे सांगणार कोण? हे काम मंडळाचे नव्हे काय?

दुकानदार बंधूंची शंका मी हलकी लेखत नाही. "गाडी दाराशी आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही" असे त्यांना वाटते. परंतु त्यांनीच आठवून पाहावे. गाडीतून पेठ ओलांडणारा पाहुणा काचेतून दुकान पाहतो आणि पुढे तारकर्लीला जातो. चालणारा पाहुणा काजू पाहतो, खाजा चाखतो, सोलांचा भाव विचारतो, आणि चार दुकाने पाहून दोन ठिकाणी पैसे देतो. चालणाऱ्याच्या हाती पिशवी असते, हे विसरू नये.

आणि खरे सांगायचे तर आपल्याला कोपनहेगनपर्यंत जाण्याचेही कारण नाही. दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी गावप्रदक्षिणेला निघते, किनाऱ्याने फिरत पेठेत येते, तेव्हा काय होते? दारोदार रांगोळ्या, आकाशकंदील, नवी वस्त्रे. रस्ता माणसांनी भरतो. म्हातारी माणसे नातवाचा हात धरून बाहेर येतात. लहान मुले आईचा हात सोडून धावतात आणि कोणी ओरडत नाही. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करायला सारा गाव बंदराकडे चालत जातो, तेव्हाही तसेच. त्या दिवशी कोणा दुकानदाराने धंदा बुडाला म्हणून तक्रार केल्याचे मी ऐकले नाही. म्हणजे चालती पेठ कशी असते हे आपल्याला शिकायचे नाही. आपण ती वर्षातून दोनदा करतोच. प्रश्न एवढाच की, देवाच्या पालखीला जी वाट आपण आनंदाने मोकळी करून देतो, ती वाट आपल्या घरच्या वृद्ध आईसाठी आठवड्यातून एकदा मोकळी करणे कठीण का वाटावे?

सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी संध्याकाळी बायका-पुरुष फेऱ्या घालतात. तो तलाव 1874 सालचा, संस्थानिकांच्या काळातला. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचऱ्याच्या जागेची बागेसारखी जागा केली व ती पाहायला बाहेरगावची माणसे येतात. लहान गावाला मोठी कामे साधत नाहीत, असे आता कोणी म्हणू नये. आपल्या राज्यात नगरपरिषदांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. त्या जागांवर बसणाऱ्या आपल्याच ओळखीच्या भगिनी आहेत. त्याही एके काळी आईचे बोट धरून याच पेठेत गेल्या आहेत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. या वर्षी मंडळाने प्रथम एक काम करावे. चार सभासदांनी आठवडाभर पेठेच्या दोन टोकांना बसून सकाळी व संध्याकाळी माणसे किती आणि गाड्या किती, त्यांत वृद्ध किती, मुले किती, याची वही ठेवावी. मग ती वही घेऊन दुकानदारांकडे जावे, रिक्षावाल्या बंधूंकडे जावे, पाट्या घेऊन बसणाऱ्या भगिनींकडे जावे आणि त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे. त्यानंतर नगरपरिषदेला विनंती करावी की, आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन-तीन तासच, गाड्या पेठेच्या बाहेर थांबाव्यात. प्रयोग म्हणून, तीन महिने. जमले तर वाढवू, न जमले तर सोडू. भांडण नको, मोर्चा नको. बाजारात घासाघीस करून भाव ठरवणे आम्हा बायकांना येतेच. तशीच ही घासाघीस.

सासूबाईंना मी हे सारे वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ता सगळा ठीक आसा. पण ती सांज खंयची ता आदी सांग. मासळी ताजी गावतली मां?" म्हणजे त्या यायला तयार आहेत. आता वाट तेवढी आपण करून द्यायची आहे.